कुंड्यांचं खानदान

ऐकलंत का? आमच्या सोसायटीत हल्ली माणसांची नाही, झुडपांची कुळं काढतात! "आमची बेझिल एअरलूम आहे हं, थेट इटलीची," असं बी विंगमधल्या वहिनी लिफ्टमध्ये सांगत होत्या. पूर्वी या सुरात फक्त अमेरिकेतल्या जावयाबद्दल बोललं जायचं. एअरलूम म्हणजे काय, तर संकरित नसलेलं, पिढ्यान्‌पिढ्या बी राखून चालवलेलं वाण. म्हणजे गावाकडे आजी राखेत घोळवून मडक्यात ठेवायची, तेच. आजीनं मडक्याला इंग्रजी चिठ्ठी लावली नाही, हाच काय तो तिचा गुन्हा. आणि त्या इटालियन बाईसाहेबांचं बी आपल्याकडे फालुद्यात पोहतं. सब्जा म्हणतात त्याला! पण हे वहिनींना सांगायचं कोणी?

खरा कहर रोझमेरीनं केलाय. तिचं पाणी डोक्याला चोळलं की केस गळायचे थांबतात म्हणे. टक्कल पडलेल्या चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तर परदेशी बियांचं पाकीटच मागवलं. हे बी भारी आळशी. कमी उगवतं, उगवलं तरी दिवस लावतं. म्हणून जाणती माणसं सरळ फांदी लावतात. काका मात्र रोज सकाळी चष्मा वर करून कुंडीत वाकतात. कुंडीत काय? माती. ज्यांची उगवली, त्यांची आषाढात गेली. ही भूमध्य समुद्राकाठची, कोरड्या मातीत वाढलेली. आपल्या पावसात तिची मुळं कुजणार नाहीत तर काय? आणि खानदानाचं म्हणाल तर आतली गोष्ट सांगते. २०१७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचं गोत्रच मोडीत काढलं आणि तिला सेजच्या गोत्रात, साल्व्हियात घातलं. एवढी मिरवणारी बया शेवटी सेजची भावकी निघाली!

तिकडे मरवा आणि दवणा दादरच्या फुलबाजारात ओल्या गोणपाटावर पडलेले असतात. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, मरवा गजऱ्यात गुंफतात. यांच्या घराण्याची चौकशी कोणी करत नाही. तोच मरवा वाळवून, मार्जोरम म्हणून इवल्याशा बाटलीत भरला की वहिनी दहापट पैसे मोजतील.

बरं, एवढ्यावर भागतंय का? आता ऐतिहासिक बागांचं वेड! ए विंगमधलं एक जोडपं लंडनला जाऊन चेल्सी फिजिक गार्डन पाहून आलं. १६७३ साली औषधविक्रेत्यांच्या संघानं लावलेली बाग. पुढे हॅन्स स्लोन नावाच्या डॉक्टरनं ती जागा वर्षाला पाच पौंड भाड्यानं कायमची देऊन टाकली. पाच पौंड! कायमचे! आमच्या पार्किंगचं भाडं दर वर्षी वाढतं, तेव्हा मीटिंगमध्ये हा दाखला दिला तर सेक्रेटरी उठून गेले.

पण भाड्याच्याच गोष्टी करायच्या तर मुंबईची ऐका. सोळाव्या शतकात गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज डॉक्टरनं अख्खं मुंबई बेट भाडेपट्ट्यानं घेतलं होतं! अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या नाडीवर बोट ठेवणारा माणूस. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथात त्यानं ऐटीत लिहून ठेवलंय की मुंबईतल्या त्याच्या जागेत एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं, मेअखेरीस आणि नाताळच्या सुमारास. नाताळात मुंबईचा आंबा! बाल्कनीतली दोन पानं दाखवत फिरणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आणि राणीची बाग? १८६२ साली लोकांसाठी उघडलेली, मुळात वनस्पतींची बाग ती. आत गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, ब्रह्मदेशाहून आलेली उर्वशी आहे. पण २०१६ला पेंग्विन आले आणि गर्दी सगळी काचेपाशी. उर्वशीकडे पाठ करून सेल्फी काढताना मी लोकांना पाहिलंय. शोभतं का हे?

तर माझं ऐकाल? दादरला गेलात की मरव्याची ताजी काडी घ्या आणि खालची पानं खुडून कुंडीत खोचा. पाणी बेतानं घाला, कुंडी गळकी असू द्या. रुजला की वहिनींना एक फांदी नेऊन द्या. फक्त सांगताना "एअरलूम" म्हणा, नाहीतर घ्यायच्या नाहीत.