कोठीचं तोंड

बीडमध्ये ज्वारीची कोठी हवी असेल तर पत्र्याच्या दुकानात जायचं, हातानं उंची दाखवायची, थोडी उचल द्यायची आणि सांगितल्या दिवशी टेम्पो न्यायचा, एवढी सरळ रीत आहे. पण चाकणला डिझाइनचं काम करणाऱ्या पुतण्यानं दिवाळीत माझ्या लॅपटॉपवर कॅडचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि माझ्यातला इंजिनिअर, ज्याला बारावीच्या गणितानं वेळीच थोपवलं होतं, तो निवृत्तीनंतर एकदम उठून बसला.

पडद्यावर कोठी झकास झाली. अडीच क्विंटल मालदांडी मावेल अशी, उजवीकडं भिंत म्हणून धान्य काढायचं तोंड डावीकडं, झाकण मागच्या बिजागरीवर. माउसनं गरगर फिरायची. हिला मुद्दाम बोलावून दाखवली, तर म्हणाली, "आणि दळण काढायला पडद्यात हात घालायचा का?"

खरी गोची इथंच होती. मिस्त्रीला कागद लागतो आणि कागदावर कोठी फिरत नाही. तिचे समोरून, वरून, बाजूनं असे चपटे व्ह्यू मांडावे लागतात. फ्रान्सच्या गास्पार माँज यांनी अठराव्या शतकात या विद्येचं शास्त्र बसवलं, तेव्हा तिथल्या लष्करानं ते बरीच वर्षं गुप्त ठेवलं होतं. माझ्या हाती आल्यावर ते पुन्हा गुप्त झालं.

आधी पत्रा उलगडला. कोठीच्या चारी बाजूंची बेरीज मी वहीत केली, तर सॉफ्टवेअरचा आकडा काही मिलिमीटरनं कमी. पत्रा वाकवताना बाहेरून ताणला जातो, म्हणून प्रत्येक घडीमागं थोडं माप वजा करायचं असतं, हे पुतण्यानं नंतर सांगितलं. मला तेव्हा वाटलं, सॉफ्टवेअर पत्रा मारतंय. मी बाणेदारपणे तो परत घातला. कोठीच्या अंगात घातला, झाकणात घालायचा राहिला.

मग व्ह्यू. आपल्याकडं आयटीआयपासून फर्स्ट अँगल शिकवतात, म्हणजे डावीकडून दिसणारी बाजू फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडं काढायची. अमेरिकेत थर्ड अँगल, डावी बाजू डावीकडंच. माझं सॉफ्टवेअर अमेरिकन वळणाचं. आपण कोणत्या रीतीनं काढलंय हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून कागदाच्या कोपऱ्यात कापलेल्या शंकूची एक खूण असते. मला ती बादली वाटली. कोठीच्या नकाशात बादलीचं काय काम, म्हणून मी ती पुसली.

मिस्त्री आयटीआय झालेला, जुना, सरळ माणूस. त्यानं फोन करून विचारलंही, "सर, तोंड उजवीकडं येतंय. भिंत कुठंय तुमची?" मी चष्मा वर केला आणि आवाजात जमेल तेवढं इंजिनिअरिंग आणून म्हणालो, "कागदावर आहे तसंच करा. मनाचं काही करू नका."

त्यानं मनाचं काही केलं नाही.

कोठी आली, चौघांनी ती कोपऱ्यात लावली आणि तोंड थेट भिंतीला भिडलं. फिरवून ठेवली तर तोंड जागेवर आलं, पण बिजागरी पुढं आली आणि झाकण उघडलं की ते ज्वारीच्या पोत्याच्या आणि कोठीच्या मधे उभं राहू लागलं, शिवाय अंगात घातलेल्या जास्तीच्या पत्र्यामुळं ते झाकण बसवायला हातोडी आणि काढायला शेजारचा मुलगा लागू लागला. एकूण, कोठीत ज्वारी भरता तरी येते, नाहीतर काढता तरी येते. दोन्ही नाही.

पुतण्याला फोन केला तर तो आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, "काका, ती बादली कुठं गेली?"

ज्वारी सध्या पोत्यातच आहे. तुमच्यापैकी कुणाच्या स्वयंपाकघरात भिंत डावीकडं असेल, तर कोठी नवीकोरी आहे, पत्र्याच्या भावात देईन. नकाशा मागू नका. स्वतः येऊन बघून जा.