हलकेराव

सकाळी दादरला मांडवी एक्स्प्रेसची वाट पाहणाऱ्या गर्दीत हलकेराव लगेच ओळखू येतात. बाकीच्यांच्या पायांशी बॅगा, बॅगांवर पिशव्या आणि पिशव्यांवर पेंगणारी पोरं. हलकेरावांचे दोन्ही हात मात्र पाठीमागे गुंफलेले. पुलाच्या उद्घाटनाला आलेला मंत्री खालच्या नदीकडे पाहतो, तसे ते लोकांच्या सामानाकडे पाहत असतात. मुक्काम कुडाळला, मामेभावाकडे, चांगला आठवडाभर. "आणि सामान?" असं कुणी विचारलंच तर ते छातीवर थाप मारतात. "सगळं इथं."

इथं म्हणजे जाकिटात. मागच्या पिढीतले हलकेराव खांद्याला शबनम अडकवून निघायचे आणि तिच्यात निदान एक पंचा तरी असायचा. आताच्यांना शबनमही जड होते. जाकिटाला आतून-बाहेरून मिळून 14 खिसे. त्यातल्या एकात दात घासायचा ब्रश, अर्धी दांडी कापलेला. कमीत कमी वजन पाठीवर घेऊन महिनोन्‌महिने चालणारे परदेशी गिर्यारोहक खरोखरच अशी दांडी कापतात. हलकेरावांनी ते कुठंतरी वाचलं आणि माळ्यावरून करवत काढली. वाचलेलं वजन 4 ग्रॅम. त्यांचं स्वतःचं वजन 92 किलो आहे, पण त्या बाबतीत ते एवढे कडक नाहीत. अंगात मेरिनो लोकरीचा टीशर्ट, बॅगेपेक्षा महाग. पाच दिवस घातला तरी त्याला वास येत नाही असं म्हणतात. म्हणणारे हलकेरावच असतात, शेजारी बसणारे नव्हेत.

तिकीट, पैसे, आधार, सगळं फोनमध्ये. यूपीआय आल्यापासून पाकीटही गेलं. त्यामुळे हलकेराव आणि भणंग अवस्था यांच्यामध्ये फक्त बॅटरी उभी असते आणि ती रोह्याच्या पुढे टिकत नाही. चार्जर बाळगणं तत्त्वात बसत नाही. पनवेल गेलं की ते डब्यातून एक फेरी मारतात. "कुणाकडे सी टाइप आहे का हो?"

समोरच्या कुटुंबाचं सामान पाहून त्यांना राहवत नाही. स्लीपरला माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं, एसीच्या पहिल्या वर्गात तर 70 किलो, हे आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. रेल्वेनेच लोकांना बिघडवलंय असं त्यांचं मत आहे. "माणसाला लागतं काय हो, ताई?" ताई बिचाऱ्या ओशाळतात आणि डब्याची पिशवी पायाने आत सारतात. मग माणगावच्या सुमाराला तीच पिशवी बाहेर येते. थालीपीठ, दही, लसणीची चटणी. ताई रीतीप्रमाणे विचारतात आणि हलकेराव रीतीप्रमाणे दोनदा नको म्हणतात. तिसऱ्यांदा कुणी विचारायची वाट न पाहता ते थालीपीठ उचलतात. पाणी ताईंचं, हात पुसायला कागद ताईंचा, नंतरची बडीशेपही ताईंचीच. चिपळूण येईपर्यंत ताईंच्या यजमानांचं वर्तमानपत्र, उशी आणि कानात घालायचे बोळे हलकेरावांकडे पोहोचलेले असतात.

खोटं कशाला बोला, त्यांचा एक उपयोगही आहे. त्यांच्या सीटखालची जागा रिकामी असते, तिथं दुसऱ्याची ट्रंक मावते. शिवाय ज्याच्याकडे सामान नाही तो कुठं पळून जाणार, अशा हिशोबाने सगळा डबा त्यांना सांगून खाली उतरतो, "काका, जरा लक्ष ठेवा हं." डब्यातला हा एकमेव निःसंग पुरुष रत्नागिरीच्या फलाटाकडे पाठ करून अठरा बॅगा मोजत बसतो.

विमानाने गेले तर गोष्ट वेगळी. केबिनमध्ये 7 किलोंची मर्यादा असते ती हातातल्या बॅगेला. अंगावरच्या जाकिटाला वजनकाट्यावर कुणी चढवत नाही, हा हलकेरावांचा लाडका मुद्दा. पण पुढे सुरक्षा तपासणी असते. चाकांच्या बॅगा घेऊन आलेली माणसं एकेक ट्रे ठेवून पुढे सरकतात आणि हलकेराव चौदा खिसे उलटे करत उभे राहतात. बिनसामानाच्या या माणसाला चार ट्रे लागतात आणि एका खिशात नेलकटरची करवती राहिलेली असते. मागची रांग काय बोलते ते इथं छापण्यासारखं नाही. लॉजवरचा अनुभवही असाच. सामान नसलेलं गिऱ्हाईक पाहिलं की काउंटरवरचा माणूस आधी चेहरा पाहतो, मग ओळखपत्र दोनदा पाहतो, आणि मग सगळे पैसे आगाऊ मागतो. विरक्तीला लॉजवाल्यांच्या जगात पत नाही.

वाद घालायला बसलं तर हलकेरावांकडे दाखले तयार असतात. रोल्फ पॉट्स नावाच्या अमेरिकन प्रवासलेखकाने 2010 साली सहा आठवड्यांत बारा देश केले, एकही बॅग न घेता. खरी गोष्ट आहे. सोबत चित्रीकरणाला कॅमेरामन होता, त्या गृहस्थांच्या सामानाबद्दल मात्र हलकेराव बोलत नाहीत. एमा गेटवूड या अकरा मुलांच्या आईने 1955 साली, वयाच्या 67व्या वर्षी, अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन वाट एकटीने पार केली. तीन हजार किलोमीटरच्या वर. तंबू नाही, साधे कापडी बूट, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. हेही खरं. पण आजीबाईंकडे हाताने शिवलेली एक थैली होती, लहान का होईना, आणि ती त्यांच्याच खांद्यावर होती.

वारकऱ्यांकडे तरी कुठं काय असतं, असं हलकेराव म्हणतात तेव्हा ते वारीला कधी गेले नाहीत हे उघड होतं. दिंडीचा ट्रक असतो. त्यात तंबू, वळकट्या, भांडी, शिधा असं सगळं पुढच्या मुक्कामाला जातं, आणि वारकरी त्यासाठी दिंडीत भिशी भरतो. आपलं ओझं कोण वाहतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

राहता राहिले गाडगेबाबा. हलकेरावांचं शेवटचं अस्त्र तेच. अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि खराटा, संपलं! पण हा खराटा कुणाचं सामान होतं? बाबा गावात शिरले की आधी गाव झाडायचे, भाकरी त्यानंतर, आणि रात्री कीर्तन. स्वतःला एक झोपडी बांधली नाही, पण पंढरपूर, नाशिक, मुंबई इथं परक्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्याकडचं होतं नव्हतं ते सामान दुसऱ्यांच्या कामाचं होतं. हलकेराव जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत नाहीत.

कुडाळला रिक्षातून उतरतात तेव्हा दारात मामी. वय झालंय, पण नजर शाबूत. "सामान खंय तुजां? गाडयेत रवलां काय?" हलकेराव हसतात आणि तत्त्वज्ञान सांगायला तोंड उघडतात, तोवर मामी आत गेलेल्या असतात. मग एकेक सुरू होतं. "वहिनी, टॉवेल असेल का एखादा?" मग साबण. मग दाढीचं सामान. मग लुंगी, कारण अंगावरचा एकुलता एक जोड रात्री धुऊन वाळत घालायचा असतो. पावसाळ्यात आले तर तो वाळत नाही, आणि सगळ्या घराने पंखा त्यांच्या विजारीवर सोडून उकाड्यात झोपायचं. सकाळी वहिनी इस्त्री फिरवून तिचा उरलासुरला ओलेपणा काढतात. एकदा विजार काही वाळेना, म्हणून पुतण्याची पँट आणि गणेशोत्सव मंडळाचा टीशर्ट घालून हलकेराव देवळात गेले. टीशर्टच्या पाठीवर 'स्वयंसेवक' असं लिहिलेलं. दर्शन राहिलं बाजूला. तासभर लोक त्यांना चपला कुठं ठेवायच्या ते विचारत राहिले.

त्यांच्या पत्नीचा विषय आतापर्यंत टाळला, कारण खरं गणित तिथं सुटतं. दोघं मिळून सहलीला निघाले की काकूंकडे दोन बॅगा असतात. सहलीतले पुरुष कौतुकाने म्हणतात, "साहेबांचं बघा, काही नाही! बायकांचं मेलं संपतच नाही." काकू काही बोलत नाहीत. एका बॅगेत हलकेरावांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, वाचायचा चष्मा, स्वेटर, कानटोपी, इसबगोल आणि हॉटेलची उशी चालत नाही म्हणून त्यांची उशी असते. पुढे डिसेंबरात मुन्नारला गेले, आणि पहिल्याच संध्याकाळी हलकेरावांनी स्वेटर मागितला.

"आणला नाही," काकू म्हणाल्या. "या खेपेला मीही हलकीच निघालेय. तुमच्यासारखी."

दुसऱ्या दिवशी मंडळी मट्टुपेट्टीचं धरण पाहायला गेली. हलकेराव हॉटेलच्या दोन ब्लँकेटांत बसून होते. काकूंनी त्यांच्यासाठी येताना चहाचा मसाला आणला. गोळ्या मात्र आणल्या होत्या हं. बाई रागावलेली होती, दुष्ट नव्हती.

परतीचा प्रवास तर विचारू नका. कोकणातून कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत, हलकेरावांना तर नाहीच. आमसुलं, फणसपोळी, काजू, मालवणी मसाला, मे महिना असला तर आंब्याची पेटी. नको म्हणण्याचं तत्त्व इथं अचानक आठवेनासं होतं. "पण न्यायचं कशातून?" असा प्रश्न ते निरागसपणे विचारतात आणि वहिनी माळ्यावरून चांगली चेनची बॅग काढून देतात. गाडीत ती चढवायला पुतण्या, दादरला उतरवायला शेजारचा कॉलेजचा मुलगा. त्या बॅगा परत जात नाहीत. हलकेरावांच्या घरी माळ्यावर अशा बॅगांचा ढीग आहे आणि दर दिवाळीला काकू त्यांवरची धूळ झटकतात.

हलकेराव तुमच्याही नात्यात असतीलच. पुढच्या सुट्टीत ते येणार असतील तर एक टॉवेल, एक लुंगी, नवा ब्रश आणि सी टाइप चार्जर आधीच काढून ठेवा. बॅग द्याल ती जुनी द्या, आणि चेन बिघडलेली असली तर उत्तमच.