जकात भरा, नाहीतर व्हायरस येईल

नाणेघाट चढून वर आलं की खिंडीच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याचा माल वर आला की व्यापाऱ्यानं त्यात जकातीची नाणी टाकायची आणि जुन्नरच्या वाटेला लागायचं, असं सगळे सांगतात. सातवाहनांचा कारभार सरळ होता. माल दिसायचा, नाकेदार दिसायचा, नाणं पडल्याचा आवाज यायचा. त्याच घाटमाथ्यावर, घाटघरात, आमचे दाजी राहतात आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर हल्ली रोज सकाळी जकात मागितली जाते. नाकेदार मात्र दिसत नाही. कोपऱ्यात फक्त एक लाल चौकट वर येते: 'तुमचं संरक्षण संपलं आहे. आत्ताच रिन्यू करा.' दाजींनी ती बंद केली की जाते आणि चहा संपायच्या आत परत येते. गावात इतकं नियमित काहीच नाही. एसटीसुद्धा नाही.

कॉम्प्युटर तसा कामाचा आहे. पावसाळ्यात नाणेघाट-जीवधनला येणाऱ्या शहरी मंडळींच्या जेवणा-मुक्कामाची नोंद त्यात होते. त्यांनी पाठवलेले धबधब्यांचे फोटो, बाळहिरड्याचा हिशोब, सातबारा आणि भाच्यानं आजवर भरलेले तमाम भरत्यांचे फॉर्म त्यात आहेत. यातलं नेमकं काय न्यावं, हा प्रश्न चोरालाच पडेल. पण लाल चौकट बघून अक्काची झोप उडाली. "अहो, एवढं म्हणतायत तर टाका ना भरून." हिरड्याचे पैसे नुकतेच हातात आले होते. दाजींनी रक्कम वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. दुकानातून अँटिव्हायरसचा डबा आणून, चंदेरी पट्टी खरडून नंबर टाकला तेव्हा जेवढे गेले होते, त्याहून रिन्यू करायला जास्त! पहिल्या वर्षी सवलत आणि दुसऱ्या वर्षी वसुली, हा या धंद्यातला जगभरचा रिवाज आहे. कंपनीचं नाव घेत नाही. उद्या ती चौकट आमच्याकडे यायची.

"मग दुसरा बघू," दाजी म्हणाले. बैल बदलतानाही घरात एवढी चर्चा झाली नव्हती.

जुन्नरच्या कॉम्प्युटरवाल्यानं मशीन न बघता फोनवरच निदान केलं. "फॉरमॅट मारावा लागेल. विंडोज मारून देतो, ऑफिस मारतो, वर अँटिव्हायरस पण मारून देतो."

"ओरिजिनल का?"

"ओरिजिनलसारखंच."

भाच्याला हा खर्चही मान्य नव्हता. त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. "मामा, फुल व्हर्जन आहे. क्रॅक. फक्त आधी चालू असलेला अँटिव्हायरस बंद करायचा."

"का रे?"

"तो याला व्हायरस समजतो."

"कशाला?"

"नव्या अँटिव्हायरसला."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. फाइल उघडली. काळी खिडकी आली आणि जत्रेतल्या व्हिडिओ गेमला शोभेल असं टुणटुण संगीत वाजू लागलं. लायसनचा नंबर आपोआप भरला गेला, भाच्यानं विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहिलं आणि दाजींनी 'धबधबे 2023' नावाचा फोल्डर उघडायला घेतला. तो उघडेना. नीट पाहिलं तर फोल्डरच्या चित्राला खाली डावीकडे एक बारीकसा बाण फुटला होता आणि त्याचं वजन उरलं होतं एक केबी. अख्खा नाणेघाटाचा पावसाळा एक केबीत! शेजारच्या हिरड्याच्या हिशोबालाही तोच बाण फुटला होता. पेनड्राइव्ह आदल्या दिवशी जुन्नरला झेरॉक्सच्या दुकानात लावला होता, ही माहिती भाच्यानं तेव्हा दिली. फोटो सुदैवाने लपवलेले निघाले, परत मिळाले. सांगायचं एवढंच, की व्हायरस घाटघरला कसा पोचतो याचा अभ्यास करायला परदेशी जायचं कारण नाही. तो जुन्नर स्टँडवर एसटीत बसतो, भाच्याच्या खिशात बसून घाटमाथ्यावर उतरतो आणि त्याला अर्धं तिकीटही पडत नाही.

तरी परदेशातले अँटिव्हायरसही चाळून झाले. अँटिव्हायरसची परीक्षा घेणाऱ्या दोन नामांकित प्रयोगशाळा आहेत, एक जर्मनीत माग्डेबुर्गला, दुसरी ऑस्ट्रियात इन्सब्रुकला. जर्मनीवाले संरक्षण, वेग आणि वापर या तीन विषयांत प्रत्येकी सहापैकी गुण देतात. निकाल पाहिला तर निम्म्याहून जास्त जणांना सहापैकी सहा. सगळेच पहिले आल्यावर निवडायचा कुणाला?

रशियन कॅस्परस्कीचं नाव सरपंचांच्या पुतण्यानं सुचवलं. त्यावर अमेरिकेनं जून 2024 मध्ये बंदी घातली. पुढची गंमत सप्टेंबरात झाली. तिथल्या पुष्कळ गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरमधून कॅस्परस्की आपोआप गेला आणि त्याच्या जागी 'अल्ट्राएव्ही' नावाचा, त्यांनी कधी न ऐकलेला गृहस्थ येऊन बसला. आम्हाला कुणी विचारलंच नाही, असं लोक ओरडत राहिले. रात्री एक जावई घरात झोपलेला आणि सकाळी ओसरीवर दुसराच चहा पितोय, असा प्रकार.

मग झेक देशातला अव्हास्ट. फुकट मिळतो म्हणून आपल्याकडे घरोघरी होता. त्यानं वापरणाऱ्यांची इंटरनेटवरची भटकंती टिपून आपल्याच उपकंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 2024 मध्ये त्याच्याकडून एक कोटी पासष्ट लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं. नाणेघाटाच्या नाकेदारानं जकात माफ करून टाकावी, पण गोणीत काय काय आहे त्याची यादी करून कल्याणच्या बाजारात विकावी, तसंच हे. बरं, अव्हास्ट नको म्हणून एव्हीजी घ्यावा, एव्हीजी नको म्हणून अविरा, तोही नको म्हणून ऐपत काढून नॉर्टन घ्यावा, तर 2022 पासून ही चारही दुकानं एकाच मालकाची. मालकाचं नाव जेन डिजिटल. गिऱ्हाईक रागावून एका दारानं बाहेर पडतं आणि दुसऱ्या दारानं त्याच दुकानात शिरतं.

मॅकॅफीबद्दल त्याच्या जन्मदात्याचंच मत विचारात घ्यावं. जॉन मॅकॅफी साहेब कंपनीतून केव्हाच बाहेर पडले होते. त्यांनी 2013 मध्ये एक व्हिडिओ काढला. विषय: मॅकॅफी अँटिव्हायरस कॉम्प्युटरमधून काढून कसा टाकावा.

राहता राहिला आपला पुण्याचा क्विक हील. मंगळवार पेठेत कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांचं दुकान, धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकलेले, दुरुस्तीला येणारी यंत्रं व्हायरसनं आजारी, म्हणून 1990 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी स्वतःच औषध तयार केलं. 2016 साली कंपनी शेअर बाजारात गेली. नको असलेल्याला दारातच थांबवण्याची विद्या पुण्यातून देशभर गेली यात आश्चर्य कसलं? दाजींचं मत मात्र, "अभिमान आहेच. पण अभिमानाचे दरवर्षी किती?"

जुने व्हायरस बरे होते, असं म्हणायची वेळ आली आहे. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस 'ब्रेन', 1986 चा, लाहोरच्या दोन भावांचा. त्यांनी व्हायरसच्या पोटात आपल्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता. आज लायसनचे पैसे कापून गेल्यावर अँटिव्हायरसवाल्याचा फोन नंबर शोधून दाखवावा! आणि 1990 मध्ये आपल्या देशात सापडला तो 'जोशी'. हा वर्षभर गप्प असायचा. 5 जानेवारीला कॉम्प्युटर अडवायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावायचा. तुम्ही निमूट टाइप केलं की वाट मोकळी. ना पैसे, ना पासवर्ड. आज चौकाचौकातल्या फ्लेक्सवरचे भाऊ, दादा आणि आप्पा वाढदिवसाला जी वर्गणी मागतात, त्यापुढे जोशी फारच सज्जन.

आता नाकेदारच रस्ता बंद करतो. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक सदोष अपडेट सोडला आणि जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहून बोर्डिंग पास दिले. व्हायरसला एका सकाळीत एवढं जमलं असतं का?

नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली ते आकड्यांसह दगडात कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांनंतरही त्यातला बराच हिशोब वाचता येतो. दाजींच्या अँटिव्हायरसचा करार मी उघडला. तो खाली सरकत राहिला, सरकत राहिला आणि बऱ्याच खाली, मुंगी दिसावी तेवढ्या अक्षरात, 'ऑटो-रिन्यूअल' सापडलं. खूण आधीच केलेली होती.

शेवटी जो निवडला तो घरातच होता. विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर आधीपासून असतो, फुकट, आणि त्या माग्डेबुर्गच्या परीक्षेत त्यालाही बहुतेक वेळा पूर्ण गुण असतात. दुसरा अँटिव्हायरस आणला की तो बिचारा बाजूला सरकून बसतो आणि दुसरा काढला की आपसूक कामाला लागतो. दोघांना एकत्र चालू ठेवू नये. ते एकमेकांनाच धरतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. दाजींनी जुना काढला, क्रॅक काढला, जुन्या कंपनीच्याच साफसफाईच्या प्रोग्रामनं उरलेला कचरा काढला, पूर्ण स्कॅन लावला. लाल चौकट गेली. अक्काला दोन दिवस चुकल्यासारखं झालं.

हेही नीट ऐका, विंडोज 10 चा फुकटचा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ज्याच्याकडे अजून तेच आहे त्यानं अँटिव्हायरसवर वाद घालण्याआधी विंडोज बदलता येतं का ते बघावं. भिंतीला भगदाड असताना दाराचं कुलूप कोणत्या कंपनीचं, हा विषय बिनकामाचा आहे.

आणि खरा घाट तर दुसरीकडेच आहे. ज्यांना यंत्रणा फोडून आत शिरता येतं ते घाटघरला कशाला येतील? ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवून त्यांनी तीन दिवसांत सुमारे 94 कोटी उचलले. दाजींच्या हिरड्यासाठी एवढी मेहनत परवडत नाही. दाजींसाठी एक मेसेज पुरतो. तो आलाही, कॉम्प्युटरवर नाही, फोनवर: पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, सोबतचं ॲप उघडा. फाइलच्या शेवटी 'एपीके'. पाठवणारा ओळखीचाच, कारण त्याचा फोन आधीच हॅक झालेला. दाजींचं बोट फाइलवर टेकलंच होतं. अक्का चुलीपुढून ओरडली, "हप्ता तर मागच्याच महिन्यात आला की!" कुठल्याही प्रयोगशाळेनं या अँटिव्हायरसला अजून गुण दिलेले नाहीत.

तेव्हा मंडळी, डब्यावर पैसे घालायचे तर हौसेनं घाला, घाबरून घालू नका. दर पाच-दहा दिवसांनी फोटो आणि हिशोब वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेलं ॲप उघडू नका, मग त्यात हप्ता असो, लग्नाची पत्रिका असो की बिबट्या. लाल चौकटीत फोन नंबर दिसला तर तो लावू नका. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा. घाटघरात ढग उतरले असतील आणि रेंज नसेल, तर रेंज मिळेल तिथपर्यंत पळा.