ऐकलंत का, जावयांची बाटली शेवटून दुसरी आली!

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, त्या जास्वंदीच्या बाजूला. तिकडून कोपऱ्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू जातं. तुम्ही नेमक्या गावाला गेलात आणि शनिवारी त्यांच्या गच्चीवर व्होडकाची परीक्षा झाली! परीक्षाच म्हणायची, कागदावर मार्क देऊन.

वहिनींचे जावईबापू न्यू जर्सीहून आलेत ना, तेच ते, नळाच्या पाण्याला घाबरणारे. ड्यूटी फ्रीमधून माणशी दोन लिटर आणता येतात म्हणे, तर दोघांचा कोटा पूर्ण करून आले. त्यातली एक उंच, जड बुडाची परदेशी बाटली. ती इथल्या दुकानात कितीला पडते, ते त्यांनी इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगून झालंय. आता आमचे हे! यांना कुठे काय बोलावं कळतं का? म्हणाले, "व्होडकाला कसली आलीय चव? सगळ्या सारख्याच." जावयांच्या हातातला चकलीचा तुकडा हातातच राहिला. "काका, यू कान्ट से दॅट. फिनिश असतो, माउथफील असतो..." यांनी मान डोलावली, पण यांना वाटलं कवळीबद्दल चाललंय.

तर काय सांगत होते... हां, तिथे बसली होती नानांची सून. ती नाही का, फूड कंपनीत क्वालिटीला आहे. गरीब दिसते, पण आतून पोचलेली. म्हणाली, "वाद कशाला, ब्लाइंड टेस्टिंग करू. मी घेते." झालं! चार बाटल्या जमल्या. एक आपली इथली, अगदी स्वस्तातली. दुसरी इथलीच, पण बऱ्यापैकी. तिसरी मधल्या किमतीची, परदेशी. आणि चौथी ती जावयांची लाडकी. सगळ्या झाकून, आतल्या खोलीत नेऊन, पेल्यांवर नुसते नंबर. आणि पेले किती? पाच! बाटल्या चार, पेले पाच, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही.

सुरू करणार तेवढ्यात एक्साइजमधून रिटायर झालेले अण्णा उभे राहिले. "परवाने आहेत का सगळ्यांकडे?" अहो, हसू नका, आपल्याकडे अजून प्यायला परवाना लागतो. १९४९ चा कायदा आहे. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, पण घेतो कोण? अण्णांकडे मात्र आजन्म परवाना, पाकिटात, लॅमिनेट केलेला! आणि नानांचा नातू येऊन बसला होता, त्याला उठवलं. पंचवीस पूर्ण नाहीत ना. बिचारा चोवीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, मतदान करतो, पण गच्चीवरून खाली. चेहरा एवढासा झाला पोराचा.

मग जावई म्हणाले, बाटल्या आधी फ्रीझरमध्ये ठेवा. सूनबाई म्हणाली, मुळीच नाही. थंड केलं की वास दबतो, जिभेला दाट लागतं, वाईटसुद्धा बरी वाटते. घरच्या फ्रीझरमध्ये व्होडका गोठत नाही, म्हणून लोक ती तिथे ठेवून देतात आणि चांगली लागते म्हणतात. आणि पुढचं ऐका, तिने प्रत्येक पेल्यात मोजून पाणी घातलं! आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, बाहेरच्या साधारण ४० च्या. तशीच दिली तर आपली जास्त जाळते आणि उगाच बदनाम होते. म्हणून सगळ्या एका पातळीवर आणल्या. वर म्हणते कशी, घोट तोंडात फिरवा आणि थुंका, जाणकार तसंच करतात. "थुंकायची?" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की खालचं कुत्रं भुंकायला लागलं. एकानेही थुंकली नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

मी? मी आपला वास घेतला. बरं, चमचाभर घेतली, त्यात काय?

तीन नंबरचा पेला नाकाशी नेला आणि सगळ्यांची नाकं एकदम वर. नेलपॉलिश काढायचं ते नसतं का, तस्सा वास. घशात ओरखडा आणि मागून कसलासा गोडवा. ती सगळ्यात स्वस्तातली. तिथे वादच नाही, ह्यांनीसुद्धा ओळखली, यावरून काय ते समजा. सूनबाई म्हणाली, स्वस्तातल्या मालात पुष्कळदा उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. म्हणजे आपल्याच साखर कारखान्यांच्या पोटातून आलेलं, हो! मळी वाईट असं नाही, नीट गाळली तर तिचीही स्वच्छ होते. पण गाळायला पैसा लागतो, आणि तिथेच काटकसर होते. गोडव्याचंही ऐका. अमेरिकेत व्होडकात लिटरमागे दोन ग्रॅमपर्यंत साखर चालते, कायद्याने! धार जरा मऊ लागते म्हणे. आणि आपण डायबेटिसवाल्यांना पेढा नको म्हणतो.

तीन नंबर सोडला, तर मात्र गोंधळ. जावईबापूंनी दोन नंबरला नऊ मार्क दिले. डोळे मिटून म्हणाले, "क्लीन. गव्हाची आहे, फ्रेंच असणार." एक नंबरला सात. आणि चार नंबरला तीन! "हे काहीतरी लोकल आहे, आफ्टरटेस्ट बघा." वहिनी कौतुकाने सगळ्यांकडे बघत होत्या, आमच्या जावयांची जीभ बघा म्हणून.

सूनबाईने कागद उलगडला. दोन नंबर म्हणजे आपली इथली, बऱ्यापैकीवाली. एक नंबर म्हणजे जावयांची लाडकी. आणि चार नंबर... तीसुद्धा तीच! एकाच बाटलीतले दोन पेले, एकाला सात, एकाला तीन. अहो, गच्चीवर अशी शांतता! वहिनींनी पटकन "भजी आणते" म्हटलं आणि जिन्यात गेल्या. पाच मिनिटं आल्याच नाहीत. सगळ्यांचे मार्क मिळवले तर पहिली ती आपली इथलीच, मग मधल्या किमतीची, मग जावयांची, आणि तळाला नेलपॉलिश.

जावई म्हणाले, लाइट नीट नव्हता. पाण्यासारख्या वस्तूला लाइट कशाला हवा, तुम्हीच सांगा!

पण तशी त्यांची एकट्याची फजिती नाही हो. २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या चाखणाऱ्यांनी २१ व्होडका झाकून चाखल्या होत्या. सगळ्या भारी भारी नावांच्या, आणि त्यांना न सांगता मध्ये एक साधी स्मिर्नॉफ सरकवलेली. तीच पहिली आली! तेरा डॉलरची बाटली. अमेरिकेच्या कायद्यातच तेव्हा लिहिलेलं होतं की व्होडकाला वेगळा वास नको, चव नको, रंग नको. २०२० मध्ये ते वाक्य काढलं. तोवर इतकी वर्षं लोक काय चाखत होते देव जाणे.

आणि त्या ग्रे गूज व्होडकाची गोष्ट तर कानात सांगण्यासारखी. सिडनी फ्रँक नावाचा अमेरिकन म्हातारा. त्याने नव्वदीच्या दशकात ठरवलं की ॲब्सोल्यूटच्या जवळजवळ दुप्पट भावाची व्होडका विकायची. आधी नाव, मग भाव, मग देश, आणि दारू सगळ्यात शेवटी! फ्रान्स का, तर फ्रान्स म्हटलं की लोकांना उंची वाटतं. पेटीवर देवगड छापलं की कर्नाटकचा आंबासुद्धा आपल्याला गोड लागतो, त्यातलाच प्रकार. गहू तिथला, पाणी कोन्याककडचं, माल चांगला होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. २००४ मध्ये बकार्डीने दोन अब्ज डॉलरच्या वर मोजून विकत घेतली. आणि म्हाताऱ्याने त्याच वर्षी ब्राऊन युनिव्हर्सिटीला दहा कोटी डॉलर दिले, कारण तरुणपणी फीला पैसे नाहीत म्हणून एका वर्षात तिथून शिक्षण सोडावं लागलं होतं. मला तर ऐकून भरून आलं. जावई मध्येच म्हणाले, अमेरिकेतल्या कॉस्टको दुकानाची फ्रेंच व्होडका म्हणजे आतून ग्रे गूजच, तिकडे सगळे म्हणतात. सूनबाई म्हणाली, ग्रे गूजवाल्यांनी ते साफ नाकारलंय. पुन्हा शांतता.

तर काय सांगत होते... नाना! नाना कधी गप्प बसणार? म्हणाले, ती स्वस्तातली आपल्या पाण्याच्या फिल्टरमधून पाच-सहा वेळा काढली तर? यावर मात्र जावई उसळून उठले. मिथबस्टर्स म्हणून टीव्हीवर कार्यक्रम होता, त्यात २००६ मध्ये हेच केलं होतं. स्वस्त व्होडका कोळशाच्या फिल्टरमधून पुन्हा पुन्हा गाळली. प्रत्येक गाळणीत थोडी सुधारली, पण भारी व्होडकाच्या जवळ गेली नाही. आणि तिथल्या जाणकाराने झाकलेले सगळे पेले अचूक क्रमाने लावले, एकही चूक नाही. "म्हणजे फरक असतो!" जावयांचा आवाज परत चढला. सूनबाई शांतपणे म्हणाली, "असतो ना. खालच्या दोन पायऱ्यांत भरपूर असतो. वर चढाल तसा कमी होतो, आणि त्याला तसं नाक लागतं."

नाक म्हटल्यावर अण्णा पुढे सरसावले. आयुष्य गेलंय वास घेण्यात. सूनबाईने तीन पेले ठेवले, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखा. हे आणि जावई दोघेही चुकले. नानांनी तिन्ही पेले संपवले आणि सगळेच छान आहेत म्हणाले. अण्णांनी दोन-दोन थेंब तळहातावर टाकले, चोळले, दारू उडू दिली, मागे राहिलेला वास घेतला आणि बरोबर दाखवला! टाळ्या पडल्या. अण्णा कॉलर ताठ करतात न करतात तोच सूनबाई म्हणते, "अण्णा, नुसतं बोट ठेवलं तरी तिनात एकदा बरोबर येतंच. परत करून बघायचं का?" अण्णांना एकदम गुडघेदुखी आठवली.

पण जाता जाता ते जिन्यात एक शहाणपणाचं बोलून गेले. "बाहेरच्या बाटलीवर १५० टक्के सीमाशुल्क बसतं, वर राज्याचा कर, वर दुकानदाराचा नफा. तुम्ही जे दुप्पट-तिप्पट मोजता ना, त्यात दारू किती आणि सरकार किती, ते आधी बघा." बत्तीस वर्षं ज्यांनी तो कर गोळा केला, तेच सांगतात म्हटल्यावर!

म्हणून म्हणते, तुमच्याकडे एकतीस डिसेंबरला आणायची असेल तर अगदी खालची नको. आणि लिंबू-सोडा घालूनच प्यायची असेल तर वरचीही नको, त्या लिंबात काही कळत नाही. मधली घ्या, उरलेल्या पैशांचे काजू आणा. आणि हे सगळं माझ्याकडून कळलं असं वहिनींना बोलू नका हं. परवाच त्यांच्याकडून विरजण आणलंय, अजून वाटी परत करायचीय.