‘पाणी सुटलं का?’ : नवशिक्यांसाठी दोन थ्रेडांचा क्लायंट

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट काय करायचा हे ज्याला अजून सुचलेलं नाही, आणि सुट्टीत घरी गेल्यावर ज्याला ‘कॉम्प्युटर शिकतोस ना, मग माझा मोबाईल का लटकतो ते बघ’ असं ऐकावं लागतं, अशा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यासाठी ही मार्गदर्शिका आहे.

विषय आपणच ठरवून टाकू. मुळा धरण राहुरी तालुक्यात, बारागाव नांदूरला. क्षमता २६ टीएमसी. उजवा कालवा तिथून निघतो आणि नेवासा, शेवगाव करत पाथर्डीकडे जातो. आवर्तन सुटल्याची बातमी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला सगळ्यांच्या आधी हवी असते आणि पाणी सगळ्यांच्या शेवटी मिळतं. मधल्या काळात तो एकच प्रश्न विचारत राहतो. तो प्रश्न वरच्या अंगाला पाठवायचा आणि त्याच वेळी वरून काही आलं तर ते दाखवायचं, एवढंच आपल्या क्लायंटचं काम. व्हॉट्सअॅप असताना हा खटाटोप कशाला, असं सर विचारतील. ‘शिकण्यासाठी, सर’ असं म्हणावं. या उत्तराला अजून कुणी मार्क कापलेले नाहीत.

साहित्य : लाईट गेल्यावर निदान अर्धा तास तग धरणारा लॅपटॉप. पायथन. भाड्याचा छोटा सर्व्हर. सुरुवातीला तोच लॅपटॉप दोन्हीकडून बोलेल. एक हौशी काका, शक्यतो टेलचे. आणि भरलेला सात नंबर फॉर्म. त्याचा प्रोग्रामशी काही संबंध नाही, पण त्याशिवाय पाटबंधारे खातं पाणी देत नाही, आणि पाणीच आलं नाही तर चाचणी कशाची घेणार?

पायरी पहिली : आधी एकाच थ्रेडने करून पाहा

म्हणजे दुसरा का लागतो ते कळेल. सॉकेट उघडा, सर्व्हरला जोडा, मग एक लूप : काकांकडून ओळ घ्या, पाठवा, उत्तर वाचा, छापा. १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्समधून सॉकेट जगभर गेले तेव्हापासून नवशिक्यांनी हाच लूप लिहिला आहे, तुम्हीही लिहा. चालेल. सरांना दाखवाल तेव्हाही चालेल.

काकांकडे मात्र असं होईल. प्रोग्राम ‘ओळ टाइप करा’ म्हणून थांबलेला. काका गोठ्यात. तेवढ्यात वरून निरोप आला : आज रात्री बारी सोडतोय. निरोप लॅपटॉपच्या पोटात येऊन पडला, पण प्रोग्राम अजून काकांच्या ओळीची वाट पाहतोय, तो वाचणार कसा? सकाळी काकांनी एंटर दाबलं की निरोप दिसणार, तोवर पाणी पुढच्या चारीला. उलटही तेच : प्रोग्राम रिसीव्हवर वाट बघत बसला की काकांना टाइप करता येत नाही. बोलायचं की ऐकायचं हे आलटूनपालटून ठरवावं लागणारा क्लायंट ग्रामसभेच्या कामाचा, आपल्या नाही.

म्हणून दोन थ्रेड. एक फक्त ऐकतो, दुसरा फक्त पाठवतो. खिडकी, बटणं वगैरे मुख्य थ्रेडकडे. पायथनमध्ये एक जागतिक कुलूप असतं, एका वेळी एकच थ्रेड खराखुरा चालतो, मग फायदा काय, असा प्रश्न वर्गातला हुशार मुलगा विचारेलच. त्याला सांगा की रिसीव्हमध्ये वाट बघत बसलेला थ्रेड ते कुलूप सोडून बसतो. आपल्या प्रोग्रामचा बहुतेक वेळ वाट बघण्यातच जाणार आहे, टेलच्या शेतकऱ्यासारखा.

एक पथ्य : ऐकणाऱ्या थ्रेडने परस्पर खिडकीत लिहायचं नाही. टीके-इंटर किंवा तसल्या कुठल्याही खिडकीवाल्या लायब्ररीला हे खपत नाही. कधी चालतं, कधी खिडकी गोठते, आणि गोठते ती हमखास परीक्षकांसमोर. निरोप रांगेत ठेवा, मुख्य थ्रेड अधूनमधून रांग बघेल.

पायरी दुसरी : निरोप कुठे संपतो

इथे जरा थांबा, बहुतेक प्रोजेक्ट इथेच बुडतात.

टीसीपी निरोप पोचवत नाही. तो बाइट पोचवतो. क्रमाने, न गाळता, पण सलग. तुम्ही एकदा पाठवलेलं समोर एकदाच मिळेल असं त्याने कधी कबूल केलेलं नाही. ‘पाणी सुटलं नाही’ हा निरोप यूटीएफ-८ मध्ये ४१ बाइटांचा होतो. त्यातले पहिले २८ आधी आले आणि उरलेले १३ पाठोपाठ आले, तर पहिल्या खेपेला काकांच्या पडद्यावर काय उमटेल? ‘पाणी सुटलं’. काका दारं धरायला माणूस बोलावणार, त्याची मजुरी ठरणार, आणि मग ‘नाही’ येणार. यात टीसीपीची काहीही चूक नाही.

त्यात आपली लिपी. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-वेलांटीसुद्धा. ‘पाणी’ची लांबी पायथनला विचारा, तो ४ म्हणेल, सॉकेटवर जातात १२. बाइटांचा तुकडा नेमका ‘ण’च्या मधोमध पडला आणि तुम्ही उतावीळपणे त्याचा मजकूर करायला गेलात, तर प्रोग्राम लाल अक्षरांत शिव्या देऊन मरेल. इंग्रजीत ‘हॅलो’ पाठवून चाचणी घेणाऱ्याला हा अनुभव कधीच येत नाही, म्हणून बऱ्याच पुस्तकांत तो नाही.

अरणगावजवळच्या मेहेराबादला या अडचणीची एक जुनी आठवण आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत. आधी ते लिहून सांगत, मग अक्षरफळ्यावर बोट फिरवून, आणि १९५४ नंतर तोही सोडून नुसत्या हातांच्या खुणांनी. फळ्याचा काळ डोळ्यांपुढे आणा : एकामागून एक अक्षर दाखवलं जातंय आणि शेजारी बसलेला शिष्य ते मोठ्याने वाचतोय. शब्द कुठे तुटला, वाक्य कुठे पुरं झालं, हे बोट सांगत नाही, वाचणाऱ्याने सांभाळायचं. तुमच्या ऐकणाऱ्या थ्रेडचं काम हेच आहे, फक्त त्याला त्या शिष्यांइतकी समज नाही. त्यामुळे त्याला आधीच लांबी सांगावी लागते.

रीत अशी. प्रत्येक निरोपाआधी चार बाइटांत लांबी पाठवा, आणि ती बाइटांत मोजलेली, अक्षरांत नव्हे. ऐकणारा आधी पूर्ण चार बाइट गोळा करतो, मग लांबी म्हणेल तितके, आणि तेवढे झाल्यावरच त्याचा मजकूर करतो. कमी आले तर थांबतो. जास्त आले तर ते पुढच्या निरोपाचे, म्हणून बाजूला ठेवतो.

लांबीला कमाल मर्यादा घाला, समजा ६४ हजार बाइट. ती कशाला, असं वाटत असेल तर क्लायंट चुकून एखाद्या वेबसाइटच्या पोर्टाला जोडून पाहा. तिकडचा सर्व्हर वैतागून ‘एचटीटीपी’ या चार रोमन अक्षरांनी सुरू होणारं उत्तर देतो. तुमचा थ्रेड त्या चार अक्षरांना लांबी समजतो आणि वाचतो १,२१,३४,८६,१६० बाइट. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या जवळपास तेवढीच भरली होती. माणशी एक बाइट येईपर्यंत तो तिथेच बसून राहील.

पायरी तिसरी : कुलूप

एकानेच पाठवायचं हे पथ्य मोडून दोन थ्रेड एकाच सॉकेटवर एकदम पाठवायला लागले की एकाच्या निरोपात दुसऱ्याचा निरोप घुसतो. त्यावर पुस्तकी उपाय लॉकचा. नवशिक्याला लॉक भेटला की तो जिथे तिथे लावत सुटतो. मग पहिला थ्रेड एक कुलूप धरून दुसऱ्याची वाट बघतो, दुसरा दुसरं धरून पहिल्याची, आणि दोघांचं कायमचं मौन.

शनिशिंगणापूर आपल्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, ही त्याची ख्याती. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली आणि ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून तिची सगळीकडे बातमी झाली. दार काचेचं, आणि त्याला सहजी नजरेत न येणारं, विजेवर चालणारं चुंबकी कुलूप. पायथनची तयार क्यू म्हणजे हुबेहूब ही शाखा. तुम्ही निरोप टाकता, पाठवणारा थ्रेड काढतो, तुमच्या हातात किल्ली कधी येतच नाही. कुलूप आत आहे, बसवणाऱ्याने नीट बसवलेलं आहे. पाठवायचं ते सगळं या रांगेतून एकाच थ्रेडने पाठवायचं. व्हायव्हात ‘लॉक का वापरला नाही?’ असं विचारलं तर शिंगणापूरचं नाव घ्या आणि क्यूचा सोर्स उघडून दाखवा.

पायरी चौथी : समोर कुणी आहे का

रिसीव्हने शून्य बाइट दिले तर समोरच्याने रीतसर फोन ठेवला असं समजायचं. नवशिका हे तपासत नाही. लूप शून्य बाइट कोटीवेळा वाचतो आणि लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा फिरू लागतो.

पण समोरचा नेहमी रीतसर जात नाही. लाईट गेली, पाठोपाठ टॉवरची बॅटरी संपली, की शून्य बाइटही येत नाहीत. काहीच येत नाही. नुसता ऐकणारा थ्रेड अशा मेलेल्या जोडणीवर उद्यापर्यंत ऐकत बसेल. टीसीपीची स्वतःची जिवंतपणाची चाचणी आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि लिनक्सवर चालू केली तरी पहिली चौकशी दोन तासांनी. दोन तासांत पाटकरी दोन चाऱ्या उघडून बंद करतो. त्यामुळे आपणच दर तीस सेकंदांनी छोटा ‘आहे का?’ पाठवायचा, उत्तर दोनदा चुकलं की जोडणी मेली असं जाहीर करायचं. या टकटकीने दुसरंही काम होतं. गप्प बसलेल्या जोडण्या मोबाईल कंपन्या काही वेळाने परस्पर विसरून जातात, टकटक चालू असलेली विसरत नाहीत.

पाठवणाऱ्याचंही तेच. सेंडऑल विनातक्रार परतलं म्हणजे निरोप पोचला नव्हे, तुमच्याच मशीनने तो ठेवून घेतला, इतकंच. तार तुटलेली असेल तर लिनक्स पंधरा मिनिटं किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा प्रयत्न करून मग हात वर करतो. तेव्हा प्रत्येक निरोपाला क्रमांक द्या आणि समोरच्या प्रोग्रामकडून त्या क्रमांकाची पोच मागवा. पोच नाही आली तर पुन्हा पाठवा. आता कधी निरोप पोचलेला असतो पण पोचच वाटेत हरवते, आणि निरोप दोनदा जातो. ‘मोटार बंद करा’ दोनदा गेलं तर बिघडत नाही. ‘मोटार चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू करा’ असा एकाच बटणाचा निरोप ठेवला असेल, तर दुसऱ्या खेपेला मोटार कोरड्या विहिरीवर सुरू. असं बटण ठेवू नका, आणि पाहिलेला क्रमांक पुन्हा आला तर पोच द्या पण काम करू नका.

जोडणी तुटल्यावर पुन्हा जोडताना एक, दोन, चार, आठ सेकंद असं थांबत जा. साठच्या वर नको. त्यात थोडा फाशांचा अंशही टाका. ते कशाला, हे काकांना विचारा. लाईट आली की ऑटोवर ठेवलेल्या सगळ्या मोटारी एका क्षणात उठतात आणि डीपीचा फ्यूज जातो, हे त्यांनी भोगलेलं आहे. लाईट आल्याच्या त्याच क्षणी टेलचे सगळे क्लायंटही उठतात, आणि भाड्याच्या छोट्या सर्व्हरची तब्येत डीपीपेक्षा नाजूक असते.

एव्हाना कुणी सांगेल की वेबसॉकेट घेतलं असतंस तर निरोपाची लांबी, टकटक, रीतसर निरोप घेणं, हे सगळं २०११ च्या आरएफसी ६४५५ मध्ये ठरवून दिलेलं आहे. खरं आहे. ब्राउझरमध्ये चालवायचं असेल तर तेच घ्या. पोच आणि क्रमांक मात्र तिथेही तुमचे तुम्हालाच करावे लागतील.

पायरी शेवटची : बंद करणं

काकांनी खिडकी बंद केली तरी ऐकणारा थ्रेड रिसीव्हमध्ये अडकलेलाच. दुसऱ्या थ्रेडमधून नुसतं क्लोज म्हटल्याने तो जागा होईलच असं नाही. आधी शटडाउन म्हणा, मग क्लोज. पाठवणाऱ्याच्या रांगेत ‘आता पुरे’ या अर्थाची एक रिकामी वस्तू टाका, ती हातात आली की तो थांबेल. दोघांची वाट पाहा, पण दोन सेकंदांहून जास्त नको. हे जमलं नाही म्हणून दोन्ही थ्रेडांना डीमन करून मोकळे होणारे बरेच. त्यांचा रांगेतला शेवटचा निरोप जातोच असं नाही.

मग टास्क मॅनेजर उघडून खात्री करा. तिथे पायथन अजून दिसत असेल तर आधी काकांना विचारा, त्यांनी क्लायंट दोनदा उघडलेला असण्याचीच शक्यता जास्त.