दार आपटण्याची सोय

उमापूरच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात रागवायची उत्तम सोय होती. दाराच्या दोन फळ्यांमध्ये मांजराचं शेपूट जाईल एवढी फट, वर माळवदाला साणं. दार आपटलं की कडी वाजायची, भिंतीची चार ढेपळं पडायची आणि यांचं बिनसलंय, हे गल्लीला कळायचं.

मग स्लॅब पडला. गेवराईहून सरकत्या खिडक्या आणल्या, रबर लावलेल्या. धूळ येऊ नये म्हणून. वास्तुशांतीला महिना झाला नसेल, कापसाच्या पैशावरून आमचं वाजलं. मी तरातरा बेडरूमबाहेर आलो आणि दार ओढलं. निघालं जोरात, पण चौकटीला दोन बोटं उरली तसं दबकलं आणि समजूत काढायला आलेल्या व्याह्यासारखं हळूच टेकलं. फुस्स! पुन्हा उघडून ओढलं. पुन्हा फुस्स. उलट आतल्या बाथरूमचं दार तेवढं खडखडलं. आत वडील होते. “निघतोच आहे,” म्हणाले. म्हणजे कापसाचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

“कशाला दाराशी खेळायलास रं?” आई ओसरीवरून.

सुताराला बोलावलं. तो म्हणाला, दार चोख आहे, हवा अडते. खरंच होतं. आत उघडणारं दार बाहेरून ओढलं की खोलीतली थोडी हवा त्याच्यासंगं निघते. तिच्या जागी दुसरी शिरायला फट नाही. आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा दाराला मागं रेटते. दाब दहा हजारांत एक भाग उतरला तरी 7 फूट बाय 3 फुटांच्या दारावर 2 किलोंचा रेटा! बाथरूमचा झरोका उघडा, म्हणून ते दार तिकडच्या हवेनं ढकललं.

दाजींच्या नव्या गाडीत हेच, फक्त उलटं. तिथं दार हवा आत कोंबतं. काचा वर असल्या की चारदा आपटावं लागतं, एक काच उतरवली की मुकाट लागतं. काळी-पिवळी जीपला हा त्रास नाही. तिच्यात हवेला बसायला जागाच नसते.

दिवाळीत पुन्हा वाजलं, साडीवरून. मी उठलो, दाराला हात घातला.

“अहो, थांबा,” ती म्हणाली. खिडकीशी गेली, काच वीतभर सरकवली, पदर सावरून कॉटवर बसली.

“हं. आता आपटा.”