राजदूताची बायको चालेल

राजदूत व्हायला काय लागतं? भाषा लागते, जिभेवर ताबा लागतो, दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड उचलायची तयारी लागते. आपल्या सरकारच्या मते एकेकाळी आणखी एक गोष्ट लागायची: बाई नसणं.

खोटं वाटत असेल तर परराष्ट्र सेवेचे १९६१चे नियम बघा. महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी हवी. लग्नानंतर घरसंसार कामाच्या आड येतोय असं सरकारला वाटलं, तर राजीनामा मागता येईल. आणि विवाहितेला या सेवेत नेमणुकीचा हक्क नाही, हेही वर ठणकावून सांगितलेलं. पुरुषांना बहुधा संसार नसतोच! असलाच तर तो सरकारच्या पथ्यावर. पाहुण्यांची सरबराई, मेजवानीचा बेत, कोणाला कोणाशेजारी बसवायचं, हे सगळं साहेबांच्या मंडळी बिनपगारी बघायच्या. थोडक्यात, राजदूताची बायको हवी. कुणाची बायको असलेली राजदूत नको.

कूर्गच्या सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये या सेवेत आल्या. तिथल्या त्या पहिल्याच बाई. लग्न केलं तर नोकरी सोडीन, असं त्यांच्याकडून आधीच लिहून घेतलेलं. पॅरिसपासून सुरुवात करून त्यांनी देशोदेशी कामं केली, १९७० मध्ये हंगेरीत राजदूत झाल्या, पुढे घानातही. मग वरची श्रेणी द्यायची वेळ आली आणि सरकारला अचानक त्यांची गुणवत्ता कमी वाटू लागली.

बाई थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारला गुणवत्ता सापडली आणि बढती मिळाली! त्यामुळे सप्टेंबर १९७९ मध्ये याचिका निकालात निघाली. पण न्या. कृष्ण अय्यर यांनी जाताजाता कान उपटलेच: संसार बाईच्या कामाच्या आड येतो, तर पुरुषाच्या का येत नाही? ज्येष्ठतेचा फेरविचार करा, असंही सरकारला बजावलं.

मुथम्मा मग राजदूत म्हणून द हेगला गेल्या. आंतरराष्ट्रीय न्यायालय तिथंच आहे. न्याय मात्र त्यांना दिल्लीत भांडून घ्यावा लागला. जगाला समतेचे धडे देणाऱ्या या खात्यात परराष्ट्र सचिवाच्या खुर्चीत पहिली बाई, चोकिला अय्यर, बसायला २००१ साल उजाडलं.